बोलणं बंद असलेली जोडी

...बरं, जोडी लावली ती लावली, देशासाठी म्हणून मी तेही गिळलं, पण खोलीसुद्धा एकच? दोन खाटा, मध्ये हातभर वाट, आणि पलीकडच्या खाटेवर पाय पसरून कोण? मानोगी! तुम्हाला सांगते, मी दार उघडलं, तिला बघितलं, दार लावलं आणि बॅग तशीच हातात घेऊन जिना उतरून थेट विलितामाकडे गेले. विलितामा म्हणजे बेटाबेटांच्या स्पर्धेला आलेल्या आमच्या पथकाचा मॅनेजर, माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, लहानपणी माझ्याच अंगणात नागडा फिरायचा. त्याला म्हटलं, "काय रे, अख्ख्या नुमेआ शहरात मला ठेवायला दुसरी जागा नाही?" तर म्हणतो कसा, "मावशी, देश छोटा, खोल्या मोजून मिळाल्यात. बॉक्सिंगवाल्या पोरांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे, जाता?" जाता म्हणे! साठीच्या बाईला! मी आले परत. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मीही माझ्या भिंतीकडे तोंड केलं. दुसरं काय करणार? आमचं बोलणं बंद!

का बंद म्हणून विचारता? अहो, ऐका तर. आमचा देश निउए, एकुलतं एक बेट, केवढा, तर एका टोकाला शिंकलात तर जेवणाच्या आत दुसऱ्या टोकाहून औषध येतं. अशा ठिकाणी माझ्या धाकटीचा कान टोचायचा समारंभ, अख्खं हाकुपू गाव जेवायला, बाहेरगावचे पाहुणे, भट्टीत डुकरं, पानात बांधलेले मासे, आणि माझ्या हातची ताकिही. अळूच्या कंदाच्या पातळ चकत्या, मध्ये पपई, वर नारळाचं घट्ट दूध, पानात गुंडाळून भाजायची. माझ्या ताकिहीसाठी माणसं मयतातून उठून येतील. आणि ही मानोगी, आमच्या चर्चच्या डीकनची बायको, पहिल्या पंगतीला बसली, एक घास घेतला, आणि... खोकली. बस्स! शब्द बोलली नाही हो. "खक्, खक्... पाणी... कोणी पाणी द्या गं..." घसा धरून! आता कच्चं अळू घशाला खाजतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळी पंगत थांबली. सगळ्यांनी घास खाली ठेवले. पाद्रीबाबांनीसुद्धा! अकरा वर्षं झाली त्याला, आणि अजून मी कुठे ताकिही घेऊन गेले की माणसं आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढतात. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आणि नेमकी हीच बया लॉन बोल्स खेळते! खेळते म्हणजे... आता खोटं कशाला बोलू, चांगली खेळते. तुम्हाला ठाऊक आहे ना तो खेळ? हिरवळीवर एक छोटी पांढरी गोटी लांब सरकवून ठेवायची आणि मोठे काळे बॉल तिच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. सोपं वाटतं? तो बॉल एका बाजूने जड असतो हो! सरळ निघतो आणि वाकडा पोचतो, अगदी माझ्या नणंदेसारखा. मानोगी आधी टाकणार, तिचा बॉल गोटीजवळ मांजरासारखा जाऊन बसतो. मी शेवटी टाकणार, शेवटचा बॉल टाकायला छाती लागते. म्हणून बेटावरच्या शहाण्यांनी आमची जोडी लावली. मी म्हटलं, "मरेन पण हिच्याबरोबर खेळणार नाही." तर सगळे एका सुरात, "मोलिमा, देशाचा प्रश्न आहे!" मी अळू लावते तेव्हा नाही होत देशाचा प्रश्न! बरं, या खेळात एक या टोकाला, एक त्या टोकाला, पलीकडचीने ओरडून सांगायचं, थोडा जोर दे, डावीकडून आण. ओरडणार कोण? सरावाला विलितामा मैदानाच्या कडेने धावायचा. "मावशी, त्या म्हणतायत बॉल लांब गेला." "त्यांना सांग, मला डोळे आहेत." "त्या म्हणतायत मावशीला डोळे आहेत..." पंधरवड्यात पोरगा वाळला! त्याच्या आईने मला निरोप पाठवला, दोघी मिळून माझ्या मुलाला माराल. मी म्हटलं, दोघी नाही, ती एकटीच.

पण नुमेआतल्या त्या खोलीत खरी कमाल झाली. पहिल्याच पहाटे मी अर्धवट झोपेत, तर पलीकडे मानोगी गुडघे टेकून प्रार्थना करतेय. मनात नाही हो, मोठ्याने! "हे प्रभू, आमच्या पथकाला बळ दे, पाद्रीबाबांचं पोट बरं कर, आणि या खोलीत जी कठोर मनाची बाई झोपली आहे, जी रात्रभर करवतीसारखी घोरते, तिला सद्बुद्धी दे." मी ताडकन उठले! उत्तर तर द्यायचं, पण बोलणं बंद! मग मीही टेकले गुडघे. "हे प्रभू, ज्या बायका तुझं नाव घेऊन दुसऱ्याची झोप मोडतात, त्यांचा आवाज जरा कमी कर. आणि न्हाणीघरात केस सोडून जातात ते त्यांना उचलायला शिकव." तर ती लगेच, "हे प्रभू, ते केस माझे नव्हेत, माझे अजून काळे आहेत हे तू जाणतोस." बघा! आमचं बोलणं बंद, पण देवाशी दोघींचं चालू. रोज पहाटे. देव त्या दिवसांत काय कंटाळला असेल!

आणि तरी आम्ही जिंकत होतो, हे सांगायला हवं. सामन्यात मी पलीकडून हाताने खूण केली की ती आभाळाकडे बघणार, जणू ढग मोजतेय, पण बॉल बरोब्बर मी दाखवलेल्या जागी. उपांत्य सामना हरलो, तो भाग सोडा, तिथे माझा गुडघा आडवा आला. पण कांस्यपदकाचा सामना राहिला होता. समोर कोण, तर नॉरफोक बेट! म्हणजे आमच्याएवढाच जीव. मोठ्या देशाशी हरलं तर माणूस खांदे उडवतो, पण आपल्याएवढ्याच बेटाशी हरलं तर तोंड कुठे लपवायचं? त्यांच्या दोघींपैकी एकीचं आडनाव क्विंटल. नाव क्विंटल आणि बाई पाव किलोची! पण बॉल असा टाकायची की बघत राहावं.

सामना शनिवारी. माझी थोरली मुलगी ऑकलंडहून दोन्ही नातवंडांना घेऊन मुद्दाम आलेली. त्या पोरांना आजी म्हणजे काय माहीत? बर्फाच्या डब्यातून अळूचे कंद आणि खेकडे पाठवणारी कोणीतरी! धाकट्याने मला विमानतळावर विचारलं, "आजी, तू खरंच खेळतेस?" एवढंसं पोर, पण डोळ्यांत कसला अविश्वास! म्हटलं, आता दाखवतेच याला. आणि शनिवारी काय? पाऊस! हिरवळीचं भातखाचर झालं. सामना पुढे ढकलला. कधी? रविवारी.

रविवारी!

संध्याकाळी जेवणाच्या दालनात बसलोय, तिथला तो हातभर लांब, दगडासारखा पाव चावतोय, मध्ये विलितामा. मी म्हटलं, "विलितामा, त्या बाईला विचार, उद्या किती वाजता निघायचं." तिने पाव खाली ठेवला. "विलितामा, त्या बाईला सांग, उद्या देवाचा दिवस आहे. मी रविवारी खेळत नाही."

"मावशी, त्या म्हणतायत..."

"ऐकू आलं रे मला! तिला सांग, पोरं ऑकलंडहून आलीत."

"त्यांना सांग, देव त्याहून लांबून बघतोय."

आणि मी काय देव न मानणारी आहे? आमच्याकडे रविवारी कोणी होडी पाण्यात ढकलत नाही, कोयत्याला हात लावत नाही. साठ वर्षांत मी रविवारी काडी मोडली नव्हती. पण गुडघा असा, पुढच्या वेळी मी कुठली खेळायला? आणि तो धाकटा, आजीची टर उडवायला टपलेला... मी विलितामाला म्हटलं, "मी खेळणार. देवाचं मी बघून घेईन, तू दुसरी बाई बघ."

दुसरी बाई! राखीव म्हणून त्याने पथकातल्या झाडून सगळ्या बायकांची नावं देऊन ठेवली होती, पण मोकळी कोण? लेपेका. लेपेका म्हणजे आमची गोळाफेकवाली. पोरगी गुणाची, पण दंड माझ्या मांडीएवढा. तिला विचारलं, "अगं, बॉल कधी टाकलायस?" म्हणाली, "मावशी, टाकणं म्हणजे काय, फेकायचाच ना?" मी डोळे मिटले.

रविवारी सकाळी पथकाची प्रार्थना उरकून आम्ही मैदानावर. लेपेकाचा पहिला बॉल... काय सांगू! सरकवायचा असतो हो तो! तिने मान वाकडी केली, गिरकी घेतली, आणि बॉल गेला हवेत. हवेत! नॉरफोकच्या दोघी डोकी धरून खाली वाकल्या. धप्पकन आवाज आला, हिरवळीत हा एवढा खड्डा, आणि मैदानाची निगा ठेवणारा म्हातारा फ्रेंचमध्ये काय काय ओरडत धावला, भाषा कळली नाही पण माझ्या आईचा उद्धार झाला एवढं कळलं. लेपेका मला म्हणते, "लांब गेला का मावशी?" पहिले दोन-तीन डाव नुसती धूळधाण. नॉरफोकवाल्या गुण घेतायत, प्रेक्षक हसतायत, नातू त्याच्या आईला काहीतरी विचारतोय, आणि तिने मान खाली घातलेली.

आणि तेवढ्यात कोण आलं? पांढरा झगा, शिंपल्या लावलेली विणलेली टोपी, काखेत बायबल. मानोगी! येऊन कडेच्या बाकावर बसली, अगदी देवळात बसावं तशी. विलितामा धावला, "काकू, खेळताय का?" तर म्हणते, मला ऐकू येईल अशा बेताने, "खेळणं पाप आहे, बसणं पाप नाही." म्हटलं, आली मजा बघायला! बोलले असते चार शब्द, पण आमचं बोलणं बंद.

लेपेकाने बॉल उचलला आणि बाकावरून आवाज आला. मानोगी गायला लागली! आपलं चर्चमधलं स्तोत्र, पण अगदी हळू, एकेक अक्षर ओढून. लेपेका त्या स्तोत्रावरच वाढलेली पोर, तिचा हात आपोआप हळू झाला... बॉल सरकला, वळला, आणि गोटीपासून वीतभर अंतरावर थांबला. लेपेका बघतेय बॉलकडे, मी बघतेय मानोगीकडे, ती बघतेय आभाळाकडे. पुढच्या वेळी गोटी लांब होती, तर हिने धरलं ते जलद स्तोत्र, टाळ्या वाजवून म्हणतात ते! लेपेकाने जोर दिला, बॉल बरोबर पोचला. मला तेव्हा उलगडा झाला. अहो, शिकवतेय ही! काल म्हणे देवाचा दिवस, आणि आज त्याच देवाला हाताशी धरून मैदानावर कोचगिरी!

क्विंटलबाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी पंचांकडे तक्रार केली, बाहेरून सूचना देतायत. पंच म्हणजे एक मिशाळ फ्रेंच म्हातारा. तो बाकाजवळ गेला, "मादाम, गाणं बंद." मानोगीने शांतपणे बायबल वर केलं. "विलितामा, या गृहस्थांना सांग, हे गाणं नाही, देवाचं स्तोत्र आहे. रविवारी मी स्तोत्र म्हणायचं नाही, असं यांचं म्हणणं आहे का?" विलितामाने सांगितलं. म्हातारा लाल झाला. टोपी काढली त्याने, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि निघून गेला! मी थक्क. इतकं निर्लज्ज आणि इतकं पवित्र एकाच वेळी कोणाला जमतं हो?

डावामागून डाव, आम्ही चढत गेलो. शेवटच्या डावाला बरोबरी. सगळ्यांचे बॉल संपले, फक्त माझा एक उरला. क्विंटलबाईंचा बॉल गोटीपासून बोटभर अंतरावर उभा, पहारेकऱ्यासारखा. दोनच मार्ग. एक तर हळूच, त्याला वळसा घालून, गोटीच्या कुशीत बॉल नेऊन बसवायचा. नाहीतर अंगातला सगळा जोर काढून त्या बॉलला उडवायचं, मग जे होईल ते. मी उभी राहिले. गुडघा ठणकतोय. आणि बाकावरून मानोगी गायला लागली. कोणतं? अहो, मयताला म्हणतात ते! शवपेटी खड्ड्यात उतरवताना! त्याहून हळू स्तोत्र आमच्याकडे नाही. म्हणजे काय, तर हळू टाक, मोलिमा. अलगद. माझ्यासारखा.

तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! तुझ्यासारखा? अकरा वर्षं मी तुझं एक अक्षर ऐकलं नाही, आणि आता शेवटच्या बॉलला, नातवंडांसमोर, तुझ्या तालावर हात हलवू? मी लेपेकासारखी मान वाकडी केली, आणि दिला सोडून! गिरकी तेवढी घेतली नाही. बॉल सुटला आणि माझा गुडघा बसला, मी हिरवळीवर आडवी, तोंड गवतात. काही दिसेना. नुसतं ऐकू आलं, 'टक्!' मग काहीच नाही. मग एकदम आरडाओरडा! लेपेकाने मला बखोटीला धरून उचललं, पायच जमिनीला लागेनात. "मावशी, गेला! तिचा बॉल कडेच्या चरात गेला, बाद!" आणि माझा? माझाही गेला त्याच्याबरोबर. पण मागे लेपेकाचा एक बॉल पडून होता, कोणाच्या खिजगणतीत नसलेला, तोच आता गोटीच्या सगळ्यात जवळ. जिंकलो हो आम्ही! नातू धावत आला आणि माझ्या चिखलाच्या पोटाला मिठी मारून "आजी, तू पडलीस! आजी, तू पडलीस!" म्हणून नाचतोय. मी रडले. तिथे रडले, लाज कसली?

पण सुख मला कधी लाभलंय? लगेच पदकाचा कार्यक्रम. पदकं दोन. नावं जोडीची पुकारली, मोलिमा आणि मानोगी. मला वाटलं, ही बाकावरून हलायची नाही, रविवार ना! तर ही उठली, झगा झटकला, आणि चालली तरातरा! विलितामा अडखळत म्हणाला, "काकू, पण आज रविवार..." तर म्हणते, "देणारे काम करतायत. मी फक्त घेतेय." आणि वाकवली मान! ज्या लेपेकाच्या बॉलने सामना जिंकला ती खाली उभी राहून टाळ्या वाजवतेय. मी तिला म्हटलं, "तू भांड गं." ती म्हणाली, "जाऊ दे मावशी, गोळ्यासारखं चार किलोचं असतं तर भांडले असते." आणि मी त्या पाटावर मानोगीच्या खांद्याला खांदा लावून उभी. कोपराने ढोसावंसं वाटत होतं. शब्दाने तरी बोलले असते, पण तुम्हाला माहीतच आहे, आमचं बोलणं बंद.

घरी आलो. विमानतळावर माळा, नाच, सगळं झालं. मग पुढच्या रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना. मी नवी टोपी घालून पुढच्या बाकावर. पाद्रीबाबा उभे राहिले. "आपल्या बहिणीने, मानोगीने, देवाचा दिवस पाळला, आणि देवाने तिला पदक दिलं!" सगळे म्हणाले, आमेन. "आणि आपल्या बहिणीने, मोलिमाने..." इथे थांबले. माझ्याकडे बघितलं. घसा साफ केला. "तिच्यासाठी आपण सगळे मिळून क्षमा मागू या." क्षमा! अख्खं चर्च माझ्यासाठी गुडघ्यावर! डुलक्या काढणारा माझा नवरा इकिपासुद्धा! आणि वर मानोगी उभी राहिली, दोन शब्द बोलायला. म्हणाली, "शेवटच्या बॉलला जोरच लागणार होता, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. पण मोलिमाला मी जोर दे म्हटलं असतं, तर तिने दिला असता का? ती माझ्या उलटंच करणार. म्हणून मी मुद्दाम मयताचं म्हटलं."

चर्च हसलं हो! पाद्रीबाबा हसले, विलितामा डोळे पुसत हसला. आणि मी? खरं की खोटं, हे विचारायचीसुद्धा सोय नाही. खोटं असेल तर माझा बॉल तिने चोरला. आणि खरं असेल तर... ते तर त्याहून वाईट! घरी येऊन इकिपाला विचारलं, "अहो, मी खरंच अशी आहे का? कोणी काही सांगितलं की उलटं करणारी?" तर म्हणतो, "कोण म्हणालं? मला कधी जाणवलं नाही." चाळीस वर्षांचा संसार, आणि याला जाणवलं नाही! मुलगी दर नाताळला ऑकलंडहून चपला पाठवते, दर वेळी एका मापाने लहान. नातवाला मी पडलेली तेवढी आठवते. या अथांग समुद्रात मला नखशिखांत ओळखणारं एकच माणूस आहे, हो, आणि देवाने तेही कुठे ठेवलंय, तर मानोगीच्या झग्यात!